मोटरहोम घेताय? मग आधी पाणी समजून घ्या

मोटरहोम, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, घ्यायचं मनात आलं की लोक पहिले प्रश्न इंजिनाचे विचारतात. किती किलोमीटर पळाली, ॲव्हरेज काय देते, चढावर दम खात नाही ना? विचारा की, पण इंजिन बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस कुठेही सापडतो. मोटरहोमची वाट लागते ती बहुतेक वेळा पाण्यानं. छतातून मुरलेल्या, टाकीत कुजलेल्या, नळीत गोठलेल्या, नाहीतर आपल्याच श्वासातून भिंतीवर जमलेल्या. आमच्याकडे स्टिअरिंग नवऱ्याच्या हातात असतं आणि त्याच्या पाठीमागचं सगळं माझ्याकडे, त्यामुळे हे लिखाण मागच्या बाजूनं झालंय असं समजा.

घेण्याआधी

पहिली गोष्ट, आधी भाड्यानं घेऊन राहून बघा. एक रात्र नको, चार-पाच तरी हव्यात, आणि त्यात एखादा दिवस पावसाचा निघाला तर उत्तमच. बाहेर ऊन असताना कुठलीही गाडी प्रशस्त वाटते. दिवसभर दार बंद करून दोन माणसं, ओले रेनकोट आणि चिखलाचे बूट आत आले की खरी जागा कळते.

विकणाऱ्याकडे गाडी बघायला गेलात तर भिडस्तपणा बाहेर ठेवा. बूट काढून पलंगावर आडवे व्हा. आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठायचं असेल तर दुसऱ्याला ओलांडावं लागतं का ते बघा. ही तक्रार पहिल्या वर्षी विनोद असते, दुसऱ्या वर्षी भांडण. शॉवरमध्ये उभं राहून डोक्याला साबण लावायचा अभिनय करा, कोपर कुठे आपटतं ते कळेल. आणि ‘सहा जणांची गाडी’ असं कोणी म्हणालं की सीटबेल्ट मोजा. सहा जण झोपू शकतात आणि चौघंच बसून प्रवास करू शकतात अशा गाड्या भरपूर आहेत. मुलांना घेऊन जायचं असेल तर पलंगांचा आकडा विसरा, पट्ट्यांचा धरा.

प्रकारांबद्दल थोडक्यात. तयार व्हॅनचं आतून घर केलेलं असेल तर बाहेरचा पत्रा मूळचा, सांधे कमी, म्हणून गळतीची भीती कमी, पण आत जागाही कमी. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या घरात जागा ऐसपैस, पण प्रत्येक कोपरा म्हणजे एक सांधा. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली गाडी मुलांच्या कुटुंबाला फार सोयीची, फक्त त्या पलंगाची पुढची धार आणि तिथली खिडकी यांच्याकडे विशेष संशयानं बघायचं. धावताना समोरून येणारा वारा पावसाचं पाणी थेट तिथेच दाबतो.

ओल कशी शोधायची

जुनी गाडी बघायला जाताना मी तीन गोष्टी नेते. टॉर्च, ओल मोजायचा छोटा मीटर आणि जुनी पँट, कारण गुडघ्यांवर बसावं लागतं.

दार उघडल्यावर पहिला श्वास महत्त्वाचा. पाच मिनिटांत नाक सरावतं आणि मग वास येईनासा होतो. तुम्ही पोचण्याआधीच सगळ्या खिडक्या सताड उघड्या असतील आणि आत सुगंधी फवारा मारलेला असेल, तर ‘थोडा वेळ बंद करून ठेवा, आम्ही बाहेरून बघतो’ असं सरळ सांगायचं.

मग टॉर्च. भिंतीवर समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड तिरपा सोडायचा, म्हणजे पृष्ठभागावरची प्रत्येक लाट, प्रत्येक फुगवटा सावलीसकट उठून दिसतो. खिडकीचे खालचे कोपरे, छतावरच्या झरोक्याची चौकट, मागच्या भिंतीचे चारही कोन, ओव्हरहेड कपाटांच्या आतला वरचा कोपरा, बसायच्या बाकांखालचे खण. यातलं एकही सोडायचं नाही. संशय आला तिथे अंगठ्यानं दाबा. चांगली भिंत टणक लागते. ओल खाल्लेली दबते, कधी बारीक करकरते. भिजून वाळलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखं तिचं प्लाय थराथरांनी सुटलेलं असतं. जमिनीचंही तेच. शॉवरसमोर आणि दाराच्या पायरीशी टाचेवर वजन टाकून सावकाश चाला, कुठे लिबलिबतंय का ते तळव्यांना कळतं.

मीटरचा आकडा १५ टक्क्यांच्या खाली असेल तर काळजी नाही. १५ ते २० ला लक्ष ठेवायचं. २० च्या वर गेला तर कारण शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि ३० च्या आसपास असेल तर आतलं लाकूड बहुधा कुजायला लागलेलं आहे. एक सावधगिरी: हे मीटर लाकडासाठी बनवलेले असतात. भिंतीमागे धातू किंवा चकचकीत फॉइल असेल तर आकडा उगाच उडी मारतो. म्हणून एका जागेच्या आकड्यावर निकाल लावू नका, त्याच भिंतीवर हातभर अंतरानं चार ठिकाणी मोजून तुलना करा.

एवढी धास्ती का, तर भिंतीची रचनाच तशी आहे. बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, आत फोम आणि लाकडी पट्ट्या, मग प्लाय. एका सैल स्क्रूच्या भोकातून शिरलेलं पाणी या थरांत अडकतं, त्याला वाळायला वाट नसते. डाग उमटतो तो पाणी शिरलं त्याच्यापासून हातभर लांब, आणि तो उमटेपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

गाडी आपली झाली की वर्षातून निदान एकदा छत धुवून सांधे तपासा. छत माणसाचं वजन पेलणारं आहे का हे पुस्तिकेत बघितल्याशिवाय वर चढू नका, शिडीवरूनच काम करा. सीलंट चिरलेलं, कड सोडलेलं दिसलं तर त्यावर साध्या सिलिकॉनचा थर फासायचा मोह होतो. तो आवरा. सिलिकॉनवर पुढे दुसरं काहीच धड चिकटत नाही आणि पुढची दुरुस्ती दुप्पट अवघड होते. जुनं सगळं खरवडून काढायचं, जागा पूर्ण कोरडी करायची, मग चौकटींखाली ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, आणि वरून छतासाठीच बनवलेलं सीलंट.

बाहेरचं पाणी अडवलं तरी आतलं उरतंच. झोपलेली दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्धा-एक लिटर पाणी हवेत सोडतात. गॅसची शेगडी जळतानाही वाफच तयार होते. थंडीच्या रात्री सगळ्या फटी बंद करून झोपलं की सकाळी काचा ओघळत असतात आणि गादीची खालची बाजू दमट लागते. उपाय उफराटा वाटेल, पण तोच खरा आहे: थंडी असली तरी छताचा झरोका बोटभर उघडा ठेवा आणि थोडी उष्णता चालू राहू द्या. गादीखाली फळ्यांची जाळी किंवा हवा खेळेल अशी चटई हवी. पुढच्या काचेला थर्मल पडदा लावायचा तर बाहेरून लावलेला चांगला. त्यानं काच उबदार राहते आणि तिच्यावर पाणी जमत नाही.

प्यायचं पाणी आणि वजन

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शाळेत शिकलेलं हे वाक्य मोटरहोममध्ये पहिल्यांदा उपयोगी पडतं. १०० लिटरची टाकी भरली की एक धिप्पाड माणूस आणखी बसवल्यासारखं आहे.

गणित करून बघा. गाडीचं कमाल मान्य वजन ३,५०० किलो आणि रिकामं वजन ३,०५० किलो असेल तर उरले ४५० किलो. बरेच वाटतात. त्यातून दोन माणसं, भरलेली पाण्याची टाकी, गॅसचे सिलिंडर, बाहेरचं छत म्हणजे ऑनिंग, दोन सायकली, जादाची बॅटरी, टेबल-खुर्च्या, कपडे, भांडी वजा करा. हातात फारसं काही राहत नाही. ‘रिकामं’ म्हणजे नेमकं काय तेही कागदावर वाचा. कुठे त्यात चालक आणि इंधन धरलेलं असतं, कुठे नसतं.

म्हणून प्रवासाला निघताना जशी भरता तशीच गाडी वजनकाट्यावर न्या. एकूण वजन तर घ्याच, पण पुढचा आणि मागचा एक्सल, म्हणजे चाकांच्या जोडीचा आस, वेगवेगळाही मोजून घ्या. एकूण आकडा मर्यादेत आणि मागचा एक्सल मात्र मर्यादेबाहेर, हे नेहमीचं दुखणं आहे. मागच्या रॅकवर ५० किलो टांगले की मागच्या एक्सलवर ५० पेक्षा जास्तच पडतात, कारण तो तरफेचा खेळ आहे. तेवढा पुढचा भाग हलका होतो आणि स्टिअरिंग बोथट लागतं. जड सामान खाली आणि दोन एक्सलच्या मध्ये ठेवायचं, वरच्या कपाटांत फक्त कपडे आणि हलक्या वस्तू. पुढे पाणी मिळणार असेल तर टाकी पाऊण रिकामी ठेवूनच आम्ही निघतो.

टाकी मोसमाच्या सुरुवातीला निर्जंतुक करायची. बिनवासाचं साधं घरगुती ब्लीच, टाकीच्या दर लिटरमागे साधारण एक मिलिलिटर. टाकी भरा, प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, चार तास तरी तसंच राहू द्या, मग पूर्ण रिकामी करून वास जाईपर्यंत खंगाळा. बॉयलरमधून ब्लीच न्यायचं की नाही हे त्याच्या पुस्तिकेत बघा, काही धातूंना ते चालत नाही. पाणी भरायची नळी फक्त त्याच कामाची, दोन्ही टोकांना टोपण लावून, वेगळ्या पिशवीत. शौचालयाची टाकी रिकामी करायच्या जागी धुण्यासाठी एक नळ असतो. तो कितीही स्वच्छ दिसला तरी तिथून प्यायचं पाणी भरू नका. आधीच्या माणसानं आपल्या टाकीचं तोंड त्याच नळाला टेकवलेलं असतं.

पंपाकडे कान ठेवा. नळात दाब कमी झाला की तो आपोआप सुरू होतो. कोणीही नळ उघडला नसताना रात्री मधूनच ‘टर्र’ वाजून गप्प होत असेल, तर कुठेतरी थेंब थेंब गळतंय. गाडी सोडून फिरायला जाताना आणि चालू प्रवासात पंपाचं बटण बंदच ठेवायचं. जोडणी सुटली तर अख्खी टाकी गाडीत रिकामी होते.

सांडपाणी आणि तो विषय

सांडपाण्याच्या टाकीला शौचालयापेक्षा घाण वास येतो, यावर नवीन लोकांचा विश्वास बसत नाही. कारण तेलकटपणा. भांडी धुण्याआधी कागदानं पुसून घेतली आणि सिंकला बारीक जाळी ठेवली की अर्धा प्रश्न मिटतो. उरलेल्या अर्ध्यासाठी टाकीत थोडं पाणी आणि भांड्यांचा साबण घालून एक लांबचा पल्ला मारा, रस्त्याचे गचकेच ती घासून देतात. कुठलंही सांडपाणी नेमून दिलेल्या जागीच सोडायचं, गवतावर नाही, गटारात नाही. मोटरहोमवाल्यांना बंदी घातलेल्या बऱ्याच जागांमागे असेच कोणीतरी येऊन गेलेले असतात.

शौचालयात दोन प्रकार. गाडीखाली पक्की बसवलेली मैल्याची टाकी, किंवा बाहेरच्या झडपेतून ओढून काढायची कॅसेट, जिच्यात साधारण १७ ते २० लिटर मावतं. पक्की टाकी असेल तर नळी जोडून व्हॉल्व्ह उघडा टाकू नका. पातळ वाहून जातं आणि घट्ट तळाशी ढीग करून वाळतं. व्हॉल्व्ह बंद, पाणी भरपूर, आणि टाकी दोनतृतीयांश भरल्यावर एकदम सोडायची.

कॅसेट रिकामी करायचं तंत्र कोणीच शिकवत नाही म्हणून सांगते. तोंडाची नळी बाहेर वळवा, टोपण काढून खिशात नाही, समोरच्या कट्ट्यावर ठेवा. एका हातानं मागचं हँडल, दुसऱ्या हातानं वरचं. ओतायला लागलात की मागच्या बाजूचं हवेचं बटण अंगठ्यानं दाबून धरा. ते दाबलं नाही तर आत हवा घुसण्यासाठी गचके बसतात आणि शिंतोडे उडतात, कुठे ते सांगायला नको. दाबून धरलं तर सगळं एका धारेत निमूट जातं. मग एक-दोन वेळा पाणी घालून हलवून ओता, रसायन आणि थोडं पाणी घाला, टोपण लावा. स्वच्छतेसाठी ब्लीच वापरू नका, रबरी सील खराब होतात. सील कोरडी पडली तर सिलिकॉनचं वंगण लावायचं, स्वयंपाकाचं तेल किंवा व्हॅसलीन नाही.

वीज

१०० अँपिअर-अवरची १२ व्होल्ट बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-अवर. लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरायची, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर ८०-९० टक्के वापरता येते, पण शून्याखालच्या तापमानात ती चार्ज करायची नसते. लेड-ॲसिड काही तास शांत पडून असताना १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियमचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं, म्हणून तिला अँपिअर मोजणारा मॉनिटर हवाच.

दिवे आणि फोन यांची चिंता करू नका. चिंता करायची ती गरम करणाऱ्या वस्तूंची. १,५०० वॉटचा हेअर ड्रायर इन्व्हर्टरवर दहा मिनिटं चालवला की २५० वॉट-अवर गेले, वर इन्व्हर्टरची गळती वेगळी. म्हणजे त्या लेड-ॲसिड बॅटरीचा वापरण्याजोगा साठा जवळजवळ निम्मा संपला. छतावर सपाट बसवलेलं १०० वॉटचं पॅनेल उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवशी ३००-४०० वॉट-अवर देतं, हिवाळ्यात त्याचा अंश. एका फांदीची सावलीसुद्धा पॅनेलला लुळं करते. बाहेरून वीज जोडली असेल तर केबल रिळावरून पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल भाराखाली तापून वितळते.

गॅस

इथे गंमत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीशी साचतो. म्हणून गाडीच्या तळाला मुद्दाम ठेवलेली भोकं असतात. थंड वारा येतो म्हणून ती चिंध्या कोंबून बंद करणारे लोक मी पाहिलेत. करू नका. गॅसचा अलार्म जमिनीलगत, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, आणि दोन्ही महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा. अर्धवट जळण्यातून निघणाऱ्या या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून झोपू नका, शेकोटीचे निखारे आत आणू नका.

थंडीच्या ठिकाणी सिलिंडर प्रोपेनचा हवा. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. इंधन भरायला शिरण्याआधी गॅसवर चालणारा फ्रिज आणि हीटर बंद. रबरी नळीवर तारीख छापलेली असते ती वाचा, आणि जोड बदलला की साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. गॅसवरच्या फ्रिजला आणखी एक खोड आहे: गाडी सपाट उभी नसेल तर तो थंड करत नाही. स्पिरिट लेव्हल बघून चाकांखाली पाचरी लावल्याशिवाय त्याला दोष देऊ नका.

रस्त्यावर

हा भाग नवऱ्याचा, तरी त्यानं घोकून घेतलेलं सांगते. गाडीची उंची मोजून चिकटपट्टीवर लिहा आणि ती पट्टी चालकाच्या डोळ्यांसमोर लावा. छतावर एसी किंवा पॅनेल बसवलं की पुन्हा मोजा. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा लांब भाग असतो. डावीकडे झटक्यात वळलात की तो उजवीकडे झुलतो, म्हणून पेट्रोल पंपावरच्या खांबापासून निघताना आधी थोडं सरळ पुढे जायचं. उतारावर ब्रेकवर उभं राहू नका, गिअर आधीच खाली आणा. मोठा ट्रक शेजारून गेला की गाडी आधी ओढली जाते, मग ढकलली जाते, स्टिअरिंग दोन्ही हातांत हवं.

मागे घेताना मी खाली उतरते. आमचा एकच नियम: आरशात मी दिसले नाही की त्यानं जागच्या जागी थांबायचं. हातवाऱ्यांची भाषा हवी तितकी वाढवा, पण ‘थांब’ची खूण एकच आणि न चुकणारी असू द्या.

टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. कडेवरच्या ‘डॉट’ खुणेतले शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी सहा-सात वर्षांनंतर कडेच्या चिरा तपासून बदलायचा विचार करा, दहाच्या पुढे नेऊच नका. हवा थंड टायरमध्ये आणि काट्यावर मोजलेल्या एक्सलच्या वजनाप्रमाणे भरा.

निघण्याआधीची फेरी दाराशी सुरू करून दाराशीच संपवायची, रोज त्याच दिशेनं. त्याआधी आत: झरोके बंद, कपाटांच्या कड्या, फ्रिजचं कुलूप, पंप बंद, गॅस बंद. मग बाहेर: विजेची केबल, पाण्याची नळी, ऑनिंग, सांडपाण्याचा व्हॉल्व्ह, चाकांखालच्या पाचरी, पायरी. फेरीच्या मधे कोणी बोलायला आलं तर ती पहिल्यापासून.

गाडी काही महिने उभी राहणार असेल तर सगळ्या टाक्या आणि बॉयलर रिकामे करा, नळ उघडे, शॉवरचं तोंड खाली. गोठणाऱ्या हवामानात नळीत राहिलेलं घोटभर पाणीही जोड फोडतं. फ्रिजचं दार कशाने तरी अडकवून उघडं ठेवा. गाद्या उभ्या करा. आच्छादन घालायचं तर हवा जाऊ देणारं घाला, प्लास्टिकची ताडपत्री नको. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तिला भरलेली ठेवणारा मेंटेनन्स चार्जर लावा, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरून ठेवा आणि महिन्या-दीड महिन्यानं गाडी हातभर पुढेमागे सरकवा.